पायाखालचा ख्रिस्त : शुसाकु एन्दो यांच्या ‘मौन’ या कादंबरीविषयी

संतचरित्रांचा शेवट आपणां सर्वांना पाठ असतो. छळ होतो, संत डगमगत नाही, ओठांवर स्तोत्र घेऊन तो प्राणार्पण करतो आणि पुढे वेदीवर त्याची स्थापना होते. वसईच्या ख्रिस्ती माणसाला तर हा शेवट घरचाच वाटतो. पोर्तुगीज पिता व वसईची माता यांच्या पोटी जन्मलेले, आपल्या किल्ल्यात शिकलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे. त्यांच्या सणाच्या प्रवचनातून आपण नागासाकी हे नाव लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

परंतु त्याच नागासाकीत, त्या क्रूसांनंतर छत्तीस वर्षांनी, दुसरी एक घटना घडली. तिच्यावर कोणी प्रवचन करीत नाही. ऑक्टोबर १६३३ मध्ये जपानमधील येशूसंघीयांचे प्रमुख फादर क्रिस्तोव्हाव फरेरा यांना दोरांनी आवळून एका खड्ड्यावर उलटे टांगण्यात आले. सुमारे पाच तासांनी त्यांनी धर्मत्यागाची खूण केली. त्यांना जपानी नाव देण्यात आले, पत्नी देण्यात आली आणि पुढे ख्रिस्ती लोकांच्या चौकशीत त्यांचा उपयोग करून घेण्यात आला. त्यांच्यासोबत टांगलेल्यांपैकी फादर ज्युलियन नाकाउरा मात्र खाली आले नाहीत. पोरवयात जपानी शिष्टमंडळातून गोव्यामार्गे थेट रोमपर्यंत जाऊन आलेल्या या वृद्ध जपानी धर्मगुरूंनी २१ ऑक्टोबर रोजी त्याच यातनेत देह ठेवला. २००८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ख्रिस्तसभेचा न्याय येथे स्पष्ट आहे व तो योग्यही आहे. प्रश्न उरतो तो खाली उतरलेल्या माणसाचा. त्याच्याजवळ देव उरला होता की नाही? जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकु एन्दो यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘चिन्मोकु’, म्हणजे ‘मौन’, या कादंबरीचा जन्म याच प्रश्नातून झाला. विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६९ साली केलेल्या इंग्रजी भाषांतरातून आम्ही ती वाचली. दुःखातही देवावरील विश्वास टिकवून ठेवावा असे आपण एकमेकांना नेहमीच सांगतो. तसे सांगणाऱ्या प्रत्येकाने ही कादंबरी एकदा तरी वाचावी, असे आमचे मत झाले आहे.

एन्दो यांचा जन्म १९२३ चा. आईवडील विभक्त झाल्यावर आईने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि तिच्या इच्छेखातर शाळकरी वयात एन्दोंचाही स्नानसंस्कार झाला. हा धर्म आपल्या अंगावर न बसणाऱ्या परदेशी सुटासारखा वाटतो, अशी तक्रार त्यांनी आयुष्यभर केली. पण तो सूट त्यांनी कधी उतरवला नाही. फ्रान्समधील शिक्षण फुफ्फुसाच्या विकारामुळे अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढे १९६० च्या सुमारास प्रदीर्घ काळ रुग्णालयात काढून त्यांनी छातीवरील तीन शस्त्रक्रिया सोसल्या. तिसरीतून ते वाचतील याची खात्री नव्हती. हे सांगण्याचे कारण असे की, देवाच्या मौनाचा प्रश्न या लेखकाला ग्रंथालयात पडलेला नाही. तो त्याला खाटेवर पडला. नागासाकीत त्यांनी एक ‘फुमिए’ पाहिली होती. फुमिए म्हणजे ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा असलेला फलक. त्यावर पाय ठेवून प्रत्येकाने आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करायचे. असंख्य पायांनी झिजून तिच्या चौकटीवर काळसर ठसे उमटले होते. ते ठसे ज्यांचे, ते लोक कोण, हा विचार लेखकाच्या डोक्यातून गेला नाही.

कथानक थोडक्यात असे. फरेरा यांनी धर्मत्याग केल्याची वार्ता पोर्तुगालमध्ये पोचते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना, सेबास्टियन रॉड्रिग्ज व फ्रान्सिस गार्पे यांना, ती खरी वाटत नाही. (फरेरा, रॉड्रिग्ज! ही आडनावे आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीतून उचलल्यासारखी वाटतात.) गोवा, मकाव असा प्रवास करीत ते चोरून जपानी किनाऱ्यावर उतरतात. किचिजिरो नावाचा एक दारुडा, भेदरट कोळी त्यांचा वाटाड्या असतो. गावकरी त्यांना कोळशाच्या झोपडीत दडवून ठेवतात आणि रात्री स्नानसंस्कारासाठी, पापनिवेदनासाठी येत राहतात. मग सरकारला सुगावा लागतो. पुढे रॉड्रिग्ज पकडले जातात, गार्पे बुडतात, आणि नागासाकीत रॉड्रिग्ज यांची फरेरांशी भेट होते. रॉड्रिग्ज हे पात्र काल्पनिक असले तरी ते जुझेप्पे क्यारा या इटालियन येशूसंघीयावर बेतले आहे. क्यारांनीही जपानमध्ये धर्म सोडला आणि १६८५ साली ते तेथेच वारले.

या कादंबरीतील ज्या प्रसंगापाशी आम्ही सर्वाधिक थांबलो, तो समुद्राचा. मोकिची व इचिझो या दोन शेतकऱ्यांना ओहोटीच्या रेषेवर रोवलेल्या लाकडांना बांधले जाते. त्यांना कोणी मारत नाही, काही विचारत नाही. केवळ भरती येते. पाणी हनुवटीपर्यंत चढते, उतरते, पुन्हा चढते. मोकिची स्तोत्र गातो. दुसऱ्या दिवसापर्यंत आवाज क्षीण होत जातो आणि मग काहीच ऐकू येत नाही. रॉड्रिग्ज हे लपून पाहतात. धर्मशाळेत शिकलेल्या रक्तसाक्ष्याच्या मरणाशी हे मरण जुळत नाही. आकाश फाटत नाही, मंदिराचा पडदा दुभंगत नाही. समुद्र आपला कालच्यासारखाच किनाऱ्यावर येत राहतो. नायगाव, अर्नाळा, उत्तन येथील वाचकांना हा प्रसंग आम्ही वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वादळात होडी परतली नाही तरी दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ चुकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. एन्दोंनी ‘मौन’ या शब्दाला दिलेला अर्थ हाच होय. देव नाही, असे ते म्हणत नाहीत. देव आहे आणि तरी लाट तशीच येते, हे त्यांचे दुखणे आहे. अशाच आणखी एका प्रसंगी कैद्यांच्या अंगणात एका शेतकऱ्याचा शिरच्छेद होतो आणि क्षणात पुन्हा दुपार पसरते. माशी घोंघावते, रातकिडा किरकिरत राहतो. एखादा सामान्य लेखक येथे विलाप लिहून गेला असता.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. रॉड्रिग्ज यांची तक्रार स्वतःच्या यातनेतून सुरू होत नाही. स्वतःच्या यातनेची त्यांना आस आहे. ख्रिस्ताच्या मुखाचे चिंतन करता करता त्या मुखात ते स्वतःलाही पाहू लागले आहेत. त्यांचा विश्वास डळमळतो तो दुसऱ्यांच्या दुःखाने. हा अनुभव आपल्या घरांतलाही आहे. स्वतःच्या आजारात माणूस बहुधा जपमाळ सोडत नाही. पण कर्करोगाने तळमळणाऱ्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईच्या हातून ती गळून पडलेली आम्ही पाहिली आहे. त्या वेळी आपण तिला काय सांगतो? देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. ही देवाची इच्छा. त्याने दिले, त्याने नेले. ईयोबाच्या ग्रंथातील अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र हेच करतात. आरंभी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत; तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडून त्यांनी देवाची बाजू मांडायला घेतली आणि ते चुकले. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो या वकिलांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. सांत्वनासाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हा शेवट पुन्हा एकदा वाचायला हवा.

आता त्या निर्णायक रात्रीकडे वळू. काळोख्या कोठडीत रॉड्रिग्ज उद्याच्या हौतात्म्याची वाट पाहत आहेत. भिंतीवर कोणीतरी कोरलेले देवस्तुतीचे दोन लॅटिन शब्द त्यांच्या बोटांना लागतात आणि त्यांना धीर येतो. बाहेर पहारेकरी घोरत असतो. आपल्या गेथसेमनीच्या रात्री हे बेंगरूळ घोरणे! त्यांना चीड येते, हसूही येते. मग फरेरा येतात आणि सांगतात की ते घोरणे नव्हे. खड्ड्यावर उलटे टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे ते कण्हणे आहे. त्या शेतकऱ्यांनी कधीच धर्म सोडला आहे. पण धर्मगुरू प्रतिमेवर पाय ठेवीपर्यंत त्यांना खाली घेतले जाणार नाही. भिंतीवरील ते शब्द कोरले होते फरेरांनीच, अशाच एका रात्री. आमच्या मते संपूर्ण कादंबरीचा कणा येथे आहे. देव बोलत नाही म्हणून पानोपानी तक्रार करणारा माणूस शेजाऱ्याचे कण्हणे घोरणे समजून बसला होता. मौन नेमके कोणाचे होते आणि बहिरेपण कोणाचे, हे लेखकाने कोठेही बोलून दाखवलेले नाही. केवळ एक आवाज दोनदा ऐकवला आहे.

पहाटे रॉड्रिग्ज फुमिएवर पाय ठेवतात आणि झिजलेल्या चेहऱ्याचा ख्रिस्त प्रथमच बोलतो. याच जागेवर वाचकांचे दोन तट पडले. प्रकाशनाच्या वेळी अनेक जपानी धर्मगुरूंना हे धर्मत्यागाचे समर्थन वाटले, आणि आजही कित्येकांना तसे वाटते. या वादात भाषांतराचाही थोडा हात आहे. इंग्रजीत ख्रिस्त पाय ठेवण्याची आज्ञा करतो. मूळ जपानी वाक्यरचनेत आज्ञार्थाचा कडकपणा नाही, अनुज्ञेचा मऊपणा आहे, असे त्या भाषेचे जाणकार सांगतात. ‘कर’ आणि ‘केलेस तरी चालेल’ यांतील अंतर मराठी माणसाला कळते. एक हुकूम आहे. दुसरी, पोराच्या हातून घडणार असलेल्या गोष्टीचा भार आपल्या अंगावर घेणाऱ्या आईची वाणी आहे. एन्दोंचा ख्रिस्त या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो पापाला पुण्य म्हणत नाही. पाय दुखतो आहे हे जाणतो आणि त्या पायाखाली स्वतः झोपतो. रॉड्रिग्ज यांचा निर्णय बरोबर होता असे आम्ही म्हणणार नाही. लेखकही तसे म्हणत नसावा. नाहीतर त्या क्षणी दूरवर कोंबडा आरवला नसता. पेत्राच्या नकाराची ती आठवण त्याने मुद्दाम तेथे ठेवली आहे.

तथापि आमचे एक गाऱ्हाणे आहे, आणि ते लहान नाही. खड्ड्यावर टांगलेल्या त्या शेतकऱ्यांची नावे आपल्याला कळत नाहीत. त्यांनी धर्म सोडला, तरी त्यांचा छळ थांबला नाही. म्हणजे दुःख दुहेरी झाले. त्यांच्या मनात काय चालले असेल? मोकिचीला आवाज देणारा लेखक येथे मात्र त्यांना केवळ कण्हू देतो, कारण त्याला धर्मगुरूचे नाट्य पुरे करायचे आहे. गरिबांचे दुःख सुशिक्षितांच्या आध्यात्मिक पेचाचे साधन बनते, हा दोष आपल्या धार्मिक साहित्यातही पुष्कळ आढळतो. पण एन्दोंसारख्याकडून तो अपेक्षित नव्हता. जपान ही ख्रिस्ती धर्माची मुळे कुजवणारी दलदल आहे, हा फरेरा व अधिकारी इनोउए यांच्या तोंडी घातलेला सिद्धान्तही आम्हांला अर्धाच पटला. जी दलदल मोकिची निर्माण करते, तिच्यात काहीतरी रुजले होतेच. शिवाय रॉड्रिग्ज ज्या गोव्यात थांबले, तेथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते आणि श्रद्धेच्या नावाने माणसांना छळण्याची कला आपल्याही लोकांना अवगत होती. कादंबरी गोव्यात फारशी रेंगाळत नाही. मराठी वाचकाने मात्र तेथे क्षणभर थबकावे.

कादंबरीतील दुभाष्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. रॉड्रिग्ज यांची उलटतपासणी घेणारा हा माणूस कधीकाळी येशूसंघीयांच्या शाळेत शिकला होता, पण फादर काब्राल यांनी जपानी लोकांना दाखवलेल्या तुच्छतेने तो दुखावला आणि वैरी झाला. फ्रान्सिस काब्राल ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. १५७० ते १५८१ या काळात ते जपानमधील येशूसंघाचे प्रमुख होते. त्याच वर्षांत आपले गोन्सालो तेथे धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांची सेवा करीत होते. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही, असे चरित्रकार सांगतात. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि जपानला परतले ते दुभाषी म्हणूनच! गोऱ्या धर्मगुरूंच्या संघात ज्याला पूर्ण जागा मिळाली नाही तो एक दुभाषी छळणाऱ्यांना जाऊन मिळाला, आणि दुसरा क्रूसावर चढला. आमच्या गोन्सालोंच्या मनात त्या नकाराच्या दिवसांत काय झाले असेल, याचा विचार एकाही प्रवचनात आम्ही ऐकलेला नाही. संताच्या वाट्याला देवाचेच नव्हे तर ख्रिस्तसभेचेही मौन आले असेल, ही कल्पना आपल्याला सोसत नाही की काय?

असो. किचिजिरोशिवाय हा लेख पुरा होणार नाही. हा माणूस फुमिएवर पाय ठेवतो, मागाहून रडतो, रॉड्रिग्जना पैशांसाठी पकडून देतो, पुन्हा मागे मागे येऊन पापनिवेदन ऐका म्हणून विनवतो, आणि पुन्हा घसरतो. तो हास्यास्पद आहे, किळसवाणाही आहे. पण त्याच्या एका युक्तिवादाला रॉड्रिग्जपाशी उत्तर नाही व आमच्यापाशीही नाही. छळ नसलेल्या काळात जन्माला आलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, असे त्याचे म्हणणे. तसल्या सुखाच्या काळात जन्मलेले आपण, दर रविवारी नव्या कपड्यांत मिस्साला जाणारे, पुढच्या बाकावर बसून त्याच्याकडे पाहतो. एन्दोंचे आवडते पात्र हाच असावा, असा आमचा तर्क आहे.

इतिहासानेही त्याच्या बाजूने एक विलक्षण साक्ष दिली आहे. १६१४ च्या बंदीहुकमानंतर जपानमध्ये उघड ख्रिस्ती जीवन संपले. नागासाकीच्या परिसरात मात्र काही गावे गुप्तपणे प्रार्थना करीत राहिली. ती माणसे वर्षानुवर्षे फुमिएवर पाय ठेवीत, आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नव्हता, ख्रिस्तप्रसाद नव्हता. बाप मुलाला, मूल नातवाला ती प्रार्थना शिकवीत गेले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथे नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये काही खेडूत फ्रेंच धर्मगुरू बेर्नार पेतीझाँ यांच्याजवळ आले आणि आपलेही हृदय तुमच्यासारखेच असल्याचे सांगून त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे अशी विचारणा केली. सुमारे अडीच शतके, सात पिढ्या! ते चर्च ज्या सव्वीस हुतात्म्यांना वाहिले होते, त्यांत वसईचे गोन्सालो एक. क्रूसावर चढलेल्यांच्या नावाच्या वेदीपुढे, पाय ठेवून आलेल्यांचे वंशज त्या दिवशी गुडघे टेकून होते.

कादंबरीच्या अखेरीस एन्दोंनी एक कंटाळवाणे परिशिष्ट जोडले आहे. ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यावरील कारकुनाची ती रोजनिशी. धान्याचा शिधा, नोकरांची भांडणे, कोणाची झडती, कोणाचा आजार. बहुतेक वाचक येथे पुस्तक मिटतात, मिटू नये. जपानी नाव धारण केलेल्या रॉड्रिग्जकडून त्या वाड्यात पुन्हा एकदा लेखी कबुली घेण्यात आल्याचे त्या रुक्ष नोंदींतून सुचते. एकदा धर्म सोडलेल्या माणसाकडून पुन्हा तेच का लिहून घ्यावे लागले? त्याच वाड्यात नोकर म्हणून राहिलेल्या किचिजिरोच्या गळ्यातील ताइतात एक ख्रिस्ती प्रतिमा सापडते. तो सांगतो की ती पडलेली मिळाली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१६ साली या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात रॉड्रिग्जच्या चितेवरील मुठीत एक लहानसा क्रूस दाखवला आहे. चित्रपट पाहताना आमचेही डोळे भरून आले, पण परतताना वाटले की तो क्रूस प्रेक्षकांच्या समाधानासाठी तेथे ठेवला गेला. कारकुनाने तसे काही पाहिले नव्हते. मृत्यूच्या वेळचे वय चौसष्ट, अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, मृताला बौद्ध नाव. एवढेच त्याने लिहिले आणि पान उलटले.